‘प्रकल्पग्रस्त’ या शब्दातील कर्ता

कार्ल यास्पर्स या जर्मन तत्त्वज्ञाने १९४६ साली राष्ट्रीय अपराधाची मीमांसा करताना फौजदारी, राजकीय, नैतिक व अतिभौतिक असे अपराधाचे चार प्रकार मानले, हे अभ्यासकांस परिचित आहेच. यांपैकी राजकीय अपराधाचे दायित्व शासनाच्या कृत्याबद्दल सर्व नागरिकांवर येते. परंतु त्यासाठी कृत्याला कर्ता असावा लागतो. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीच्या बाबतीत आपल्या राजकीय व्यवहाराने हा कर्ताच भाषेतून नाहीसा केला, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

सरदार सरोवराच्या बुडिताची झळ महाराष्ट्रात प्रथम लागली ती मणिबेलीस. तेथील आदिवासींस सरकारी मराठीत ‘प्रकल्पग्रस्त’ म्हणतात. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, दुष्काळग्रस्त यांच्या पंक्तीस हा शब्द बसविला की धरणही एक आपत्ती ठरते. कोणी घेतलेला निर्णय ठरत नाही. ‘ग्रस्त’ म्हणजे गिळलेला. पंचांगातील ग्रस्तोदयात गिळणारा राहू निदान सर्वांस ठाऊक असतो! १९२१ च्या मुळशी सत्याग्रहात सेनापती बापटांसमोर टाटांची कंपनी व परके सरकार होते. स्वातंत्र्यानंतर त्या जागी आपणच आलो, आणि कर्त्याचा उच्चार अवघड झाला. धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे, हेही येथे ध्यानात घ्यावे.

कर्ता लपला की निर्णयही डळमळतो. नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाच्या १९७९ च्या निवाड्यात प्रत्येक टप्प्यावरील बुडिताच्या एक वर्ष आधी विस्थापितांसाठी ओलिताची जमीन व घराची जागा उपलब्ध करावी, असे होते. यातील ‘आधी’ हा शब्द नैतिक क्रम सांगतो. पुढे १९८७ च्या पर्यावरणविषयक अनुमतीत, आणि १८ ऑक्टोबर २००० रोजीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताच्या निकालात, उपाययोजना बांधकामाशी ‘समांतर’ चालाव्यात, ही भाषा आली. (समांतर रेषा एकमेकींस कोठेच मिळत नाहीत, हे शाळकरी मुलासही कळते.) क्रम ठरविण्याचे ओझे या एका शब्दाने टाळले. न्यायमूर्ती भरुचा यांच्या भिन्नमतात मात्र ही संदिग्धता नाही: पुरेशा अभ्यासाविना अनुमती दिली गेली, सबब मूल्यमापन होईपर्यंत काम थांबवावे, असे ते स्पष्ट म्हणतात. त्यांचे मत पटो वा न पटो, तेथे वाक्याला कर्ता आहे.

मराठी साहित्याने हे काम शासनाच्या भाषेहून अधिक धीटपणे केले. विश्वास पाटील हे स्वतः प्रशासनात होते. धरणामुळे उठलेल्या लोकांवरील त्यांच्या कादंबरीचे (१९९१) नाव ‘झाडाझडती’ आहे. झडती म्हटली की घेणारा आला, देणारा आला. ‘ग्रस्त’ला असा दुसरा पक्षच नसतो.

१७ सप्टेंबर २०१७ रोजी पंतप्रधानांनी हे धरण राष्ट्राला अर्पण केले. या सबंध व्यवहाराच्या भाषेत राष्ट्र ठळकपणे उच्चारले जाते ते येथे, आणि तेही संप्रदान म्हणून.