मालती जोशी : गीत सुटले, श्रोता राहिला

घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, हा इंदूरच्या मराठी कुटुंबांचा होळकरशाहीपासूनचा रिवाज. त्याच वातावरणाने हिंदीला एक थोर कथालेखिका दिली. मालती जोशी यांचा जन्म 1934 साली औरंगाबादेस झाला. शिक्षण इंदूरच्या होळकर महाविद्यालयात. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि 15 मे 2024 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांनी मराठीतही कथा लिहिल्या. परंतु मराठी समीक्षेने त्यांची दखल बेतानेच घेतली, हे कबूल केले पाहिजे.

त्यांची पहिली कीर्ती गीतांची. तरुणपणी त्या कविसंमेलनांतून स्वतःची गीते गात आणि रसिक त्यांना 'माळव्याची मीरा' म्हणत. पुढे गीत मागे पडले आणि 'धर्मयुग'सारख्या नियतकालिकांतून त्यांची कथा घरोघर पोचली. येथे दोन कालखंड पाडण्याचा मोह होतो. आम्हांस ती विभागणी मान्य नाही. गीत सुटले, पण श्रोता सुटला नाही. हाती कागद न घेता त्या आपली कथा सभेत मुखोद्गत सांगत. जी कथा अशी सांगावयाची, तिला पाल्हाळ परवडत नाही. तिची वाक्ये आटोपशीर राहतात आणि संवाद बोलण्यातलेच असावे लागतात. त्यांच्या शैलीचे मूळ आम्हांस येथे दिसते.

या कथांना 'कौटुंबिक' म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. त्यांतील स्त्रिया आक्रोश करीत नाहीत. पण वेळ येताच एखादे साधे वाक्य असे बोलतात की घराचा तोलच बदलतो. हा संयम आहे, भीरुता नव्हे. दूरदर्शनच्या 'सात फेरे' आणि 'किरदार' या मालिकांनी त्यांच्या कथा घेतल्या, यात नवल नाही.

मात्र याच गुणातून एक मर्यादाही येते. श्रोत्याचा हात धरून चालणारी कथा त्याला फार काळ अंधारात ठेवू शकत नाही. मनाचा गुंता जेथे तसाच राहावयास हवा, तेथेही ती कधी कधी समंजस शेवटाकडे वळते.

तरीही आमच्या दृष्टीने त्यांचे नाते श्रावणातल्या कहाण्या तोंडी सांगणाऱ्या आजीशीच आहे. दोन भाषांत नांदणाऱ्या आमच्या वाचकांस ही सासरी गेलेली लेक परकी वाटू नये.