मावशीची विद्या
मांजरीनें वाघाला सर्व विद्या शिकवून झाडावर चढण्याची तेवढी राखून ठेवली, ही कथा आपण सर्वांनीं ऐकली आहे. गुरूला शिष्याचें वाटणारें भय इतक्या थोडक्यांत क्वचितच कोणीं सांगितलें असेल. पण कथाकार मावशीला फांदीवर बसवून मोकळा होतो. ती खालीं केव्हां उतरली, हें सांगत नाहीं. डिसेंबर २०२४ मध्यें टिपेश्वरचा वाघ येडशीच्या रामलिंग अभयारण्यांत आल्याचें कळलें, तेव्हां धाकट्या मुलीनें रात्रभर बाहेर हिंडणाऱ्या आमच्या मांजरीची काळजी याच कथेच्या आधारें सोडली. माझी सुटेना. वाघ मांजरासाठीं वाट वाकडी करणार नाहीं. परंतु या मुलुखांत बिबट्याहि आहे, आणि तो झाडावर चढतो. त्याला ही विद्या कोणीं दिली, याविषयीं कथा मूक आहे. हल्लीं दिवे लागतांच मी मांजरीला आंत घेतों. ती माझ्यावर रागावते.