प्रेरणेची घाई

कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात हल्ली चित्राआधी कागद वाचला जातो. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलाच्या कामाशेजारी एक छापील टीप चिकटवलेली असते. आपले काम कशाबद्दल आहे आणि त्यामागची प्रेरणा कोणती, हे तिच्यात सांगायचे असते. परीक्षक ती वाचतात, पालक वाचतात. पुढे गॅलरीचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तीच टीप थोडीफार फिरवून जोडली जाते. मुंबईचे जे. जे. घ्या, नागपूरचे शासकीय चित्रकला महाविद्यालय घ्या, नाहीतर पणजीच्या आल्तिनोवरचे गोवा कला महाविद्यालय. पद्धत सगळीकडे रुळली आहे.

अशा दहा-वीस टिपा ओळीने वाचल्या की डोके भणभणते. ओळख, स्मृती, शरीर, शहर, विस्थापन हे पाच-सहा शब्द आलटून पालटून येतात. खालची नावे बदलली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. समोर आजीच्या लुगड्यांची गोधडी टांगलेली असते. गोधडी खरी असते, तिचे काम सुरेख असते. ती कुणी शिवली, धावदोराच का घातला, वरचे कापड कुठल्या लुगड्याचे आणि आतले कशाचे, मुलाने त्यात स्वतः किती टाके घातले, यातले एक अक्षरही टिपेत नसते. ‘स्त्रियांच्या अदृश्य श्रमांची स्मृती’ एवढे असते. त्यातून टीप बहुधा इंग्रजीत असते आणि लिहिणारा वऱ्हाडीत किंवा मालवणीत विचार करणारा असतो. काम एक बोलते, कागद दुसरेच.

हा दोष मुलांच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. बावीस वर्षांच्या मुलाला आपण प्रश्नच चुकीचा विचारतो आहोत. त्याच्याकडे प्रेरणा नसते असे नाही. ती असते, पण ती कोणती हे त्याला त्या वयात ठाऊक असेलच असे नाही. हे तपासून पाहायला नर्मदाकाठचे बरगी ही चांगली जागा आहे.

जबलपूरहून नागपूरला निघाले की महामार्गावर बरगी लागते. जवळच नर्मदेवरचे मोठे धरण आहे. नर्मदेवर जी मोठी धरणे आखली गेली, त्यांतल्या सुरुवातीच्या धरणांपैकी हे एक. काम १९७४ मध्ये सुरू झाले आणि १९९० मध्ये जलाशय भरला. मंडला, सिवनी आणि जबलपूर या तीन जिल्ह्यांतली १६२ गावे बाधित झाली आणि विस्थापितांतले कितीतरी जण जबलपुरात येऊन रिक्षा ओढू लागले. जलाशयाला राणी अवंतीबाई सागर असे नाव आहे आणि त्याची शेपटी वर मंडल्याच्या बाजूला पोचते. या पाण्याच्या आसपासच्या मुलखातून गेल्या शतकात तीन चित्रकार पुढे आले आणि तिघेही तीन वेगळ्या वाटांनी कला शिकले.

पहिले सय्यद हैदर रझा. जन्म १९२२, मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा. वडील वनखात्यात. ककैयाच्या प्राथमिक शाळेत मुलाचे लक्ष लागेना, तेव्हा नंदलाल झरिया या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बस म्हणून सांगितले. रझांचा ‘बिंदू’ आज जगाला माहीत आहे आणि ही गोष्टही रझांनीच पुढे पुन्हा पुन्हा सांगितली. पण सालांकडे नीट पाहावे. ठिपका तिशीच्या दशकातला आणि बिंदूची चित्रे येऊ लागली १९८०च्या आगेमागे. मध्ये जवळजवळ पन्नास वर्षे गेली.

या पन्नास वर्षांत काय काय घडले? १९३९ ते १९४३ नागपूर स्कूल ऑफ आर्ट, तिथे बापूराव आठवल्यांच्या हाताखाली शिक्षण. मग मुंबई. एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी, जे. जे.चा अभ्यासक्रम, आणि शहराच्या रस्त्यांची जलरंगातली चित्रे. १९४७ मध्ये सूझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह गट. १९४८ मध्ये काश्मिरात छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँने चित्रे पाहिली आणि सांगितले की तुमच्या चित्रांत बांधणी नाही, सेझान बघा. १९५०मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिस. १९५६चा समीक्षकांचा पुरस्कार. १९४७ साली जे. जे.मधून बाहेर पडणाऱ्या रझांना कुणी प्रेरणेची टीप लिहायला लावली असती, तर तिच्यात मुंबईचा पाऊस आला असता. ककैयाची भिंत आली नसती. २०१६ मध्ये रझा गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन केले. पन्नास वर्षांनी हाताला लागलेला तो ठिपका शेवटी त्यांना त्याच मातीत घेऊन गेला.

दुसरी वाट जनगढसिंह श्याम यांची. पाटनगढ हे परधान गोंडांचे गाव, तेव्हा मंडला जिल्ह्यात आणि आता दिंडोरीत. भोपाळचे भारत भवन हे कलाकेंद्र उभे राहत असताना चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी पाठवलेल्या मंडळींना या गावात घराच्या भिंतीवर काढलेली चित्रे दिसली. काढणारा पोरगा विशीच्या आसपासचा होता. तो भोपाळला गेला, मुद्राचित्रणाच्या कार्यशाळेत काम करू लागला, आणि १९८९ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रातल्या गाजलेल्या प्रदर्शनात त्याची चित्रे लागली. चार्ल्स कोरियांनी बांधलेल्या भोपाळच्या विधानभवनातही त्याचे काम आहे. परधान हे गोंडांचे भाट. बाना वाजवत देवांच्या आणि राजांच्या कथा गायच्या हा त्यांचा पिढीजात पेशा. जनगढने गाण्यातले देव कागदावर आणले, ठिपक्या-रेघांनी भरले, आणि त्या रीतीला ‘जनगढ कलम’ हे नाव पडले. पदवी नाही, टीप नाही. त्याची प्रेरणा कुणाला विचारावी लागली नाही, कारण ती त्याच्या घराण्याचे काम होती. २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयात काम करत असताना त्याने आत्महत्या केली. या कलमेचा बाजार आज मोठा झाला आहे, आणि तिचा आरंभ ज्याच्यापासून झाला त्याचा शेवट असा झाला, हे बाजाराने विसरू नये.

त्याच पाटनगढचे भज्जू श्याम आणि मंडल्याकडच्या दुर्गाबाई व्याम यांना पुढे पद्मश्री मिळाली. मराठी वाचकाला दुर्गाबाईंचे नाव आणखी एका कारणाने जवळचे वाटावे. डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरच्या ‘भीमायन’ या चित्रकथेची चित्रे सुभाष आणि दुर्गाबाई व्याम यांची आहेत. महाडच्या तळ्याची गोष्ट गोंड रेषेत सांगितली गेली, आणि त्यासाठी चित्रकर्त्यांना कुठल्या कला महाविद्यालयाची पायरी चढावी लागली नाही.

तिसरी वाट ब्योहार राममनोहर सिन्हा यांची. जबलपूरचे सिन्हा शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांचे विद्यार्थी होते. भारतीय संविधानाच्या मूळ प्रतीत उद्देशिकेच्या पानाभोवतीची नक्षी त्यांची आहे. पानाच्या कोपऱ्यात ‘राम’ एवढीच सही. जबलपूरच्या शहीद स्मारकातली भित्तिचित्रेही त्यांच्याशी जोडलेली आहेत. इथे विषय गुरूने आणि देशाने दिला होता. शिष्याने हात दिला.

ठिपका उमजायला पन्नास वर्षे लागलेला, वारशातून चित्र मिळालेला आणि गुरूकडून काम मिळालेला, असे हे तिघे. प्रेरणा त्यांच्याकडे तीन वेगळ्या वेळी आणि तीन वेगळ्या दारांनी आली. अंतिम वर्षाच्या एप्रिलमध्ये ती हजर असलीच पाहिजे असा नियम यातल्या कुणालाच लागू पडत नाही.

मग महाविद्यालयात असतानाच ज्याला आपला विषय सापडतो, असा कुणी नसतोच का? असतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचा प्रभाकर पाचपुते हे त्याचे ठळक उदाहरण. जन्म १९८६. गाव कोळसा खाणींच्या तोंडाशी, घरातल्या पिढ्या खाणीत खपलेल्या. त्याने खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयातून आणि मग बडोद्यातून शिल्पकलेची पदवी घेतली. त्याची चित्रे भिंतभर असतात आणि कोळशाने काढलेली असतात. माणसाच्या धडावर डोक्याच्या जागी दिवा येतो, कुदळ येते, कधी घरच येते. पाय जमिनीत रुतलेले असतात, पाठी वाकलेल्या असतात. जवळ गेले की भिंतीवर बोटांनी फासलेला कोळशाचा पुसट थर दिसतो आणि त्यावर ठसठशीत रेघ. जे खणले जाते त्यानेच खणणाऱ्याचे चित्र काढायचे, हा निर्णय चित्राच्या आत आहे. तो सांगायला कागद लागत नाही. २०२१ मध्ये वेल्सचा ‘आर्टेस मुंडी’ हा मोठा पुरस्कार सहा कलावंतांना मिळून देण्यात आला, त्यांत पाचपुते होता.

नागपूरच्या सवी सावरकरांचेही तसेच. नागपुरात आणि बडोद्यात शिकलेल्या या मुद्राचित्रकाराने गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला माणूस अम्लरेखनात कोरला. ॲसिडने खाल्लेली ती काळी रेघ पाहिल्यावर ‘माझे काम जातिव्यवस्थेवर भाष्य करते’ हे वाक्य पोकळ वाटू लागते. मुंबईच्या अमोल पाटीलनेही पोवाडे गाणारे आजोबा आणि नाटके लिहिणारे वडील यांच्या ऐवजातून, चाळीतल्या कामगारांच्या आयुष्यातून काम उभे केले. २०२२च्या कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात ते दिसले.

या मंडळींत समान काय, तर आधी माध्यम हाती आले. प्रेरणेचे शब्द त्याच्या मागून आले. कोळसा, ॲसिड, पोवाड्याचा ठेका या गोष्टींनी त्यांना विषयापर्यंत नेले. आजच्या टिपांत क्रम उलटा झाला आहे. आधी विषयाचा मथळा ठरतो, मग त्याला शोभेल अशी गोधडी, गंजका पत्रा किंवा बरणीतली माती शोधली जाते.

या उलट्या क्रमाला संस्थाही जबाबदार आहेत. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या जे. जे.ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, हे चांगले झाले. पण शासकीय कला महाविद्यालयांत वर्षानुवर्षे पदे रिकामी राहिली, कंत्राटी शिक्षकांवर वर्ग चालले, हेही सर्वांनी पाहिले आहे. सतीश नाईक यांच्या ‘चिन्ह’ या नियतकालिकाने या दुरवस्थेवर मराठीत सातत्याने लिहिले. ज्या वर्गात शिक्षक वर्षभर टिकत नाही, तिथे मुलाच्या हाताकडे कोण पाहणार? हात घडवायला वेळ लागतो, माणूस लागतो. टीप एका रात्रीत लिहून होते, आणि आता तर ती यंत्राकडूनही लिहून मिळते. कोचीच्या बिएनालेला जोडून २०१४ पासून विद्यार्थ्यांचे बिएनालेही भरते. त्याने लहान गावांतल्या मुलांना मोठी भिंत मिळवून दिली, याचे श्रेय द्यायलाच हवे. त्याबरोबर अशा निवडींसाठी प्रस्ताव लिहिण्याचे कसबही आले. काही मुले त्यातच तरबेज झाली.

आपल्या कामाबद्दल मराठीत नेमके लिहिता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी प्रभाकर बरव्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ उघडावे. पुस्तक १९९०चे आहे. बरवे जे. जे.मध्ये शिकले, वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात कामाला होते, आणि वस्तू, अवकाश, रिकामी जागा यांबद्दल मराठीत शांतपणे लिहीत राहिले. त्या लिखाणात प्रेरणेची घोषणा नाही. एखादी साधी वस्तू चित्रात आली की तिचे काय होते, याची तपासणी आहे. लिहायचेच असेल तर असे लिहावे.

पुन्हा बरगीकडे येऊ. ज्या वर्षी जलाशय भरला त्या वर्षी जन्मलेली मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत. १६२ गावांतल्या माणसांची नातवंडे आता महाविद्यालयाच्या वयाची आहेत. त्यांतले कुणी नागपूरला, जबलपूरला किंवा खैरागढला कला शिकायला आले, तर ‘विस्थापन’ हा शब्द त्याच्या तोंडी घालायची काही गरज नाही. त्याला विचारावे की उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत घरचे लोक काय पेरतात. जलाशयात मासे धरायचे जाळे कुठल्या मापाचे असते? ते तू विणले आहेस का? जबलपूरला रिक्षा ओढणाऱ्या माणसाच्या खांद्याचा आकार तू कधी काढून पाहिला आहेस का? उत्तरे त्याच्या हातातून येऊ द्यावीत. त्यातून ‘प्रेरणा’ निघाली तर उत्तम. नाही निघाली, तर रझांनाही पन्नास वर्षे लागली होती.

माझी सूचना सरळ आहे. वार्षिक प्रदर्शनातल्या टिपेतून प्रेरणेचा रकाना काढून टाकावा. त्या जागी तीन गोष्टी मागाव्यात. काम कशाचे केले, ते कुणाकडून शिकले, आणि करताना काय फसले. लिहायची ती घरच्या बोलीत, पाच-सहा ओळींत. परीक्षकांनी काम पाहून गुण द्यावेत आणि कागद शेवटी वाचावा. शिक्षकांची रिकामी पदे भरावीत, कारण त्याशिवाय या तीन प्रश्नांची उत्तरे मुलांजवळ येणार नाहीत. आणि पालकहो, पुढच्या प्रदर्शनात मुलाच्या चित्रासमोर उभे राहाल तेव्हा ‘यातून तुला काय सांगायचे आहे’ असे विचारू नका. ‘हे कसे केलेस’ असे विचारा. तो बोलायला लागेल.