‘येन-थिए लुन’ : एका वादग्रंथाचे पुनर्वाचन

हान काळातील चीनच्या आर्थिक इतिहासाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती जे ग्रंथ प्रथम दिले जातात, त्यांत ‘येन-थिए लुन’ अथवा ‘मीठ व लोखंड यांविषयीचा वाद’ याची गणना अवश्य होते. इ. स. पू. 81 मध्ये चाओ सम्राटाच्या दरबाराने साठांहून अधिक विद्वानांना राजधानीत पाचारण केले व प्रजेच्या कष्टांचे कारण विचारले. मीठ, लोखंड व मद्य यांवरील सरकारी मक्तेदारी उठवावी, असे त्यांनी उत्तर दिले. त्यातून जो वाद उद्भवला, तो या ग्रंथाचा विषय होय. हा वाद म्हणजे धर्मनीती आणि अर्थनीती, किंवा कन्फ्यूशियसचे अनुयायी आणि दंडनीतिवादी, यांचा झगडा होता, असे सामान्यतः शिकविले जाते. 1974 च्या सुमारास चीनमध्ये कन्फ्यूशियसविरोधी मोहीम चालू असताना याच ग्रंथाला त्या झगड्याचा पुरावा म्हणून पुढे करण्यात आले. ही विभागणी ग्रंथ वाचण्यास सोपी करते, परंतु ग्रंथातील सर्वांत मोलाचा भाग ती झाकून टाकते, असे आम्हास वाटते.

प्रथम पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी. वू सम्राटाच्या कारकीर्दीत (इ. स. पू. 141–87) उत्तरेकडील स्युंग-नू टोळ्यांशी दीर्घ युद्धे झाली आणि खजिना रिता झाला. तेव्हा मीठ व लोखंड यांचे उत्पादन राज्याने आपल्या हाती घेतले. मालाची वाहतूक व भाव यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या यंत्रणा उभारल्या गेल्या, आणि इ. स. पू. 98 मध्ये मद्याचीही मक्तेदारी आली. या सर्व व्यवस्थेचा प्रमुख सूत्रधार सांग हुंग-यांग हा लोयांग येथील एका व्यापाऱ्याचा मुलगा होता. वादात शासनाची बाजू त्यानेच मांडली, आणि पुढच्याच वर्षी कटाच्या आरोपावरून त्याला देहान्त शासन झाले.

ग्रंथाचा कर्ता ह्वान ख्वान हा या सभेनंतर, श्वान सम्राटाच्या काळात होऊन गेला. त्याने साठ प्रकरणांची रचना केली. अर्थात हे सभेचे शब्दशः टिपण नव्हे. प्रश्नोत्तरांची घडण व पक्षांची मांडणी कर्त्याची आहे, आणि त्याचा कल उघडपणे विद्वानांकडे आहे. असे असूनही त्याने प्रतिपक्षाला दुबळे केलेले नाही. शेवटच्या प्रकरणात तो सांगच्या मार्गाला नावे ठेवतो, परंतु मोठमोठ्या पंडितांना त्याच्यापुढे निरुत्तर व्हावे लागले, हेही तेथेच मान्य करतो. त्याचा खरा रोष सभेत मौन धारण करून बसलेल्या प्रधानमंत्र्यावर आहे. ज्याच्या लेखी मौन हा विरोधाहून मोठा दोष आहे, त्याने विरोधकाचे म्हणणे दडपले असेल असे मानण्याचे कारण दिसत नाही.

दुसरा मुद्दा व्यापाऱ्यांच्या स्थानाचा. विद्वान, शेतकरी, कारागीर व शेवटी व्यापारी, हा चीनमधील समाजक्रम पाठ्यपुस्तकांत ठळकपणे येतो. परंतु या सभेत व्यापाऱ्याचा मुलगा राज्याची बाजू लढवितो, आणि व्यापाराला कमी लेखणारे विद्वान संपत्ती प्रजेपाशीच राहू द्यावी असे म्हणतात. त्यांची मागणी मान्य झाली असती, तर पहिला लाभ खाजगी लोहभट्ट्यांच्या धन्यांना झाला असता. वू सम्राटाने मीठ-लोखंडाचा कारभार सोपविला तोही एका मीठ उत्पादकाकडे व एका लोहव्यावसायिकाकडेच. सिमा छ्येन याने तर आपल्या इतिहासग्रंथात धनार्जन करणाऱ्यांसाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले. म्हणून चतुर्वर्गाचा हा क्रम समाजाचे वर्णन नसून विद्वानांची इच्छा होती, असेच समजणे युक्त ठरेल.

आमच्या मते ग्रंथाचा गाभा छत्तिसाव्या प्रकरणात आहे. तेथे विद्वान तत्त्वचर्चा सोडून नांगराच्या फाळाविषयी बोलतात. सरकारी अवजारे ठरलेला आकडा भरण्यासाठी ओतली जातात, ती अवजड व बोथट असतात, महाग पडतात. लांबून आलेल्या शेतकऱ्याला अधिकारी जागेवर भेटत नाही. अखेर गरीब माणूस लाकडाने नांगरतो आणि हाताने निंदणी करतो. शासनपक्षाचे उत्तरही तितकेच व्यावहारिक आहे. घरगुती भट्टीत लोखंड नीट वितळत नाही व त्याचा कठीण-मऊपणा साधत नाही. भांडवल व साधने राज्यापाशीच आहेत. हनान प्रांतात चंगचौजवळ उत्खननात हान काळातील सरकारी लोहशाळेच्या प्रचंड भट्ट्या सापडल्या आहेत. उत्पादनाच्या प्रमाणाबाबत सांगचे म्हणणे त्यावरून पोकळ ठरत नाही. परंतु मोठी भट्टी म्हणजे उपयोगी खुरपे नव्हे, आणि तक्रार नेमकी तीच होती. दोन्ही पक्ष खरे असू शकतात; झगड्याच्या चौकटीत मात्र ही शक्यता बसत नाही.

एसन गेल यांचे 1931 चे इंग्रजी भाषांतर पहिल्या एकोणीस प्रकरणांपुरते आहे. केवळ त्यावर विसंबणाऱ्या वाचकाला सद्गुण व लाभ यांची चर्चा मिळते, फाळाची मिळत नाही. ग्रंथाविषयीचे रूढ मत तत्त्वचर्चेकडे झुकण्यास याचाही हातभार लागला असावा.

ग्रंथात उणीव नाही असे नाही. सीमेच्या रक्षणाचा खर्च कोठून भागवावा, या सांगच्या प्रश्नाला विद्वान सदाचाराच्या प्रभावाचे उत्तर देतात. ते उत्तर अपुरे आहे, आणि इतिहासानेही तसाच कौल दिला. सभेनंतर मद्याची मक्तेदारी उठली, पण मीठ व लोखंड यांची जवळजवळ अबाधित राहिली. इ. स. पू. 44 मध्ये ती रद्द झाली, आणि तीनच वर्षांत पुन्हा स्थापन करावी लागली.

आपल्याकडे या ग्रंथाची तुलना कौटिलीय अर्थशास्त्राशी करण्याचा मोह होतो, आणि त्यातील लवणाध्यक्ष व लोहाध्यक्ष यांचे उल्लेख पाहता तो स्वाभाविक आहे. परंतु अर्थशास्त्रात अध्यक्षाची कर्तव्ये सांगितली आहेत; त्याच्या दारातून रिकाम्या हाताने परतणाऱ्या शेतकऱ्याची कैफियत तेथे ऐकू येत नाही. ‘येन-थिए लुन’मध्ये ती पंडितांच्या तोंडून का होईना, पण ऐकू येते. विद्यार्थ्यांनी ग्रंथाचे वाचन छत्तिसाव्या प्रकरणापासून सुरू करावे, अशी आमची सूचना आहे.