अधोलोक आणि नरक : दोन मराठी शब्दांची परीक्षा

मंडळी, आज बेलवलीच्या या व्याख्यानात आपण मराठी बायबलातले दोन शब्द तपासू : अधोलोक आणि नरक. प्रश्न नुसता कोशाचा नाही. गेलेल्या माणसाबद्दल त्याच्या घरच्यांना काय सांगायचं, हे त्यावर ठरतं.

हिब्रू 'शिओल' म्हणजे मृतांचं ठिकाण. तिथे सगळेच जातात. योसेफ मेला असं समजून याकोब म्हणतो, मीही शोक करत त्याच्याकडे तिथे उतरेन (उत्पत्ती 37). ईयोब तर मला तिथे लपवून ठेव, अशी देवाला विनवणी करतो (ईयोब 14). शिओल ही यातनांची भट्टी असती, तर तिथे कोणी आसरा मागितला असता का?

'गेहेन्ना' वेगळं. मुळात ते यरुशलेमजवळचं हिन्नोमाचं खोरं. तिथे मुलांना अग्नीत होमत, म्हणून यिर्मयाने त्याचा धिक्कार केला. येशू शिक्षेबद्दल बोलतो तेव्हा हेच नाव येतं.

आता भाषांतर बघा. 1611 च्या किंग जेम्स इंग्रजी बायबलात शिओल 65 वेळा येतो. त्याचं भाषांतर 31 ठिकाणी कबर, 31 ठिकाणी नरक आणि 3 ठिकाणी खड्डा असं होतं. म्हणजे कोण नुसता कबरेत आणि कोण नरकात, हा निवाडा भाषांतरकारच करून मोकळा! आपलं प्रचलित मराठी बायबल इथे सरस आहे. शिओलला अधोलोक, गेहेन्नाला नरक. मराठी कानालाही हे पटतं, कारण विष्णुपुराणातही पाताळ आणि नरक वेगळे आहेत, आणि पाताळ तर चक्क रमणीय आहे.

खोट आहे ती 'नरक' या शब्दात. पुराणातला नरक भोगून संपतो, जीव पुन्हा जन्माला येतो. मत्तय 25 मधली शिक्षा मात्र सार्वकालिक म्हटली आहे. मूळ वचनात नसलेली परतीची वाट हा शब्द नकळत दाखवतो.

कोणी विचारील, लूक 16 मधला श्रीमंत अधोलोकातच तळमळतो, त्याचं काय? आक्षेप रास्त आहे. नव्या करारापर्यंत कल्पना बदलली होती, हे मान्य करायला हवं. पण प्रकटीकरण 20 मध्ये अधोलोकच अग्निसरोवरात टाकला जातो. दोन्ही एकच असते, तर कशात काय टाकलं?

तेव्हा कबरेपाशी उभं राहून कोणी 'नरक' शब्द उच्चारला, तर आपण त्याला एवढंच विचारावं : मूळ शब्द कोणता?