उदाहरणं गाळून शिकवलेलं सातवं प्रकरण

एम.एस्सी.ला गणित घेतलेल्या माणसाला रूडिन कोण हे सांगावं लागत नाही. वॉल्टर रूडिन यांचं ‘प्रिन्सिपल्स ऑफ मॅथेमॅटिकल अ‍ॅनालिसिस’ १९५३ साली आलं, तिसरी आवृत्ती १९७६ ची. आपल्या सरकारी विद्यापीठांत रिअल अ‍ॅनालिसिस शिकताना ते कधी ना कधी हातात पडतंच, बहुतेकांच्या हातात झेरॉक्स म्हणून. आज त्यातल्या फक्त सातव्या प्रकरणाबद्दल लिहितेय. थोडी तक्रार पुस्तकाबद्दल आहे. मोठी तक्रार आपण ते कसं वाचतो याबद्दल आहे.

प्रकरणाचा प्रश्न साधा आहे. कंटिन्युअस फंक्शनांची एक क्रमिका, म्हणजे सीक्वेन्स, घेतली आणि तिची सीमा काढली, तर जे फंक्शन मिळेल तेही कंटिन्युअस असेल का?

आमच्या वर्गात हे प्रकरण थेट उत्तरापासून सुरू झालं: कन्व्हर्जन्स युनिफॉर्म असेल तर हो. खाली सिद्धता. सर म्हणाले, ‘हे दर दोन वर्षांनी येतं.’ आम्ही चौकट आखली आणि पाठ केलं. परीक्षेत ‘स्टेट अँड प्रूव्ह’ आलं आणि मला पूर्ण मार्क मिळाले.

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी गाईडनी तीच सिद्धता फळ्यावर लिहायला लावली. लिहिली. मग त्यांनी विचारलं, ‘यात युनिफॉर्म नक्की कुठल्या ओळीत लागलं? तो शब्द पुसला तर कुठे अडेल?’ मी फळ्याकडे बघत उभी राहिले. ओळ अन् ओळ पाठ होती, पण ती ओळ मला दाखवता आली नाही.

मग रूडिन पहिल्यांदा नीट उघडलं. गंमत म्हणजे पुस्तक थिअरमपासून सुरूच होत नाही. आधी ओळीने उदाहरणं येतात, सगळी बिघडलेली: कुठे सीमा कंटिन्युअस राहत नाही, कुठे डेरिव्हेटिव्ह हातातून निसटतो, कुठे इंटिग्रल जुळत नाही. एवढं बिघडलेलं दाखवून झाल्यावर मग युनिफॉर्म कन्व्हर्जन्सची व्याख्या येते. म्हणजे आधी दुखणं, मग औषध. आम्ही वर्गात दुखणं ऑप्शनला टाकलं होतं.

सगळ्यात सोपं बिघडलेलं उदाहरण तुम्ही आत्ता कॅल्क्युलेटरवर करून बघा. ० ते १ मधली एक संख्या घ्या आणि तिला स्वतःनेच गुणत राहा. ०.९ घेतलीत तर २२ व्या घाताला उत्तर ०.१ च्या खाली जातं. ०.९९ घेतलीत तर त्यासाठी २३० वा घात लागतो. ०.९९९ ला २३०२ वा. १ च्या अलीकडची प्रत्येक संख्या शेवटी शून्याकडेच जाते, पण १ स्वतः जागचा हलत नाही. त्यामुळे सीमा म्हणून जे फंक्शन मिळतं ते सगळीकडे शून्य आणि १ पाशी एकदम १. प्रत्येक घाताचा आलेख अखंड, सीमेचा तुटलेला. सगळ्यांना एकदमच पुरेल असा एकही घात नाही, आणि हा एकच घात मिळणं म्हणजेच ‘युनिफॉर्म’.

आता सिद्धतेकडे या. दोन जवळच्या बिंदूंपाशी सीमेच्या किमती जवळ आहेत हे दाखवायचंय. थेट गाडी नाही, म्हणून तीन गाड्या बदलायच्या. पहिली: हलत्या बिंदूपाशी सीमेवरून एनव्या फंक्शनवर. दुसरी: एनव्या फंक्शनवरूनच ठरलेल्या बिंदूपाशी. तिसरी: तिथे परत सीमेवर. तिसरीत बिंदू एकच आहे, साधा कन्व्हर्जन्स पुरतो. दुसरीत फंक्शनचं कंटिन्युअस असणं पुरतं. अडतं पहिल्या गाडीला. तिथला बिंदू हलता आहे, आणि एन तर आपण आधीच ठरवून बसलोय. तो एन प्रत्येक हलत्या बिंदूला चालला पाहिजे. युनिफॉर्म लागतं ते इथे. आधी एन, मग बिंदू. गाईडचा प्रश्न एवढाच होता.

आता पुस्तकाबद्दलची तक्रार. रूडिन उदाहरणं देतात, पण या शब्दामागे किती धडपड झाली ते सांगत नाहीत. कोशीने १८२१ च्या आपल्या ग्रंथात लिहिलं होतं की कंटिन्युअस पदांच्या कन्व्हर्जंट सिरीजची बेरीज कंटिन्युअसच असते. १८२६ मध्ये आबेलने साइनच्या एका सिरीजचं उदाहरण देऊन याला अपवाद आहेत असं म्हटलं. तेही तळटिपेत! नेमकी कमी कुठे आहे हे स्टोक्स आणि सायडेल यांनी १८४७ च्या सुमारास स्वतंत्रपणे शोधलं. कोशीला नक्की काय म्हणायचं होतं यावर इतिहासकारांत अजून वाद आहे. पण जी ओळ मला फळ्यावर दाखवता आली नाही, ती सापडायला नामवंतांना पंचवीसेक वर्षं लागली हे कुणी आधी सांगितलं असतं, तर मी तिथे थांबून विचार केला असता. रूडिनची सिद्धता इतकी गुळगुळीत आहे की थांबावंसं वाटतच नाही.

तरी मुख्य दोष पुस्तकाचा नाही, प्रश्नपत्रिकेचा आहे. ‘स्टेट अँड प्रूव्ह’ तपासायला सोपं असतं. तासिका तत्त्वावर दोन-तीन कॉलेजं करणाऱ्या शिक्षकापुढे पेपरांचा गठ्ठा असतो; त्याला मी दोष देणार नाही. पण याची किंमत कोण मोजतं ते बघा. सीएसआयआर नेटच्या गणिताच्या पेपरात २०० पैकी ९५ मार्क ‘पार्ट सी’ला आहेत. तिथे एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे बरोबर पर्याय ओळखले तरच मार्क. तिथे सिद्धता कुणी विचारत नाही. अट थोडी बदलली तर विधान टिकतं का, हे विचारतात. म्हणजे आम्ही गाळलेलंच. माझी एक वर्गमैत्रीण एम.एस्सी.ला वर्गात पहिली होती. तीन वेळा पार्ट सीने तिला अडवलं. क्लासची फी परवडत नव्हती. सरकारी विद्यापीठात ती आली होती तीच फी कमी म्हणून. ‘माझं गणित कच्चंच होतं गं,’ असं ती आता म्हणते. ते कच्चं नव्हतं. तिला अर्धं प्रकरण कुणी दिलंच नव्हतं.

वेगळ्या पद्धतीने शिकवता येतं हे आपल्याकडे दिसलेलं आहे. प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या एमटीटीएसच्या उन्हाळी शिबिरांत मुलांना प्रश्न विचारत विचारतच शिकवतात. पण शिबिर निवडक मुलांना मिळतं. प्रश्नपत्रिका सगळ्यांना मिळते. म्हणून माझी मागणी छोटी आहे: प्रत्येक ‘स्टेट अँड प्रूव्ह’खाली दोन मार्कांचा एक उपप्रश्न. ‘यातली एक अट काढा आणि काय बिघडतं ते उदाहरणाने दाखवा.’ दोन मार्कांसाठी मुलं उदाहरणंही पाठ करतील, हे मला माहीत आहे. चालेल. निदान ती पानं तरी उघडली जातील.

तोवर तुम्हाला एक गृहपाठ. वरच्या घातांच्या उदाहरणातून १ ही संख्या काढून टाका. आता सीमा सगळीकडे शून्य, म्हणजे कंटिन्युअस. मग कन्व्हर्जन्स युनिफॉर्म झाला का? २२, २३०, २३०२ हे आकडे पुन्हा एकदा बघा आणि मगच उत्तर द्या.