शिक्षा की उपचार? : रूपर्ट रॉस यांच्या ग्रंथाचे चिकित्सक वाचन

प्रास्ताविक

गुन्ह्याला शिक्षा हेच उत्तर, हे आधुनिक न्यायव्यवस्थेचे गृहीतक आहे. कॅनडातील काही आदिवासी समाजांनी या गृहीतकालाच आव्हान दिले. रूपर्ट रॉस यांचा ‘रिटर्निंग टू द टीचिंग्ज’ (१९९६) हा अशा प्रयोगांची दखल घेणारा महत्त्वाचा ग्रंथ होय. त्यातील उपचारविचाराचे सामर्थ्य आणि मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ग्रंथातील मांडणी

रॉस हे वायव्य ऑन्टॅरिओत सरकारी वकील होते. स्वतः आदिवासी नव्हेत. त्यांच्या विवेचनात मॅनिटोबा प्रांतातील हॉलो वॉटर या अनिशिनाबे वस्तीला मोठे स्थान आहे. तेथे १९८०च्या दशकाच्या मध्यापासून लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांसाठी तेरा टप्प्यांची सामुदायिक उपचारप्रक्रिया उभी राहिली. अपराध्याने न्यायालयात गुन्हा कबूल करावयाचा आणि नंतर कुटुंबीय व वस्तीतील लोक यांच्या वर्तुळात बसून आपल्या कृत्याला सामोरे जावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. निवासी शाळांनी मुलांना कुटुंबापासून व भाषेपासून तोडले. त्या आघाताचे पडसाद पुढील पिढ्यांत उमटले. म्हणून एका व्यक्तीला तुरुंगात धाडून प्रश्न सुटत नाही, ही त्यामागील भूमिका. ‘गुन्हेगार’ हे नाम माणसाला कायमचे चिकटते, उलट आदिवासी भाषांचा भर क्रियेवर असतो, हे रॉस यांचे निरीक्षण भाषेच्या अभ्यासकाला विचारप्रवृत्त करणारे आहे.

मर्यादा

तथापि क्रियेला जसा कर्ता असतो तसे कर्मही असते. मेटी विदुषी एमा लारोक यांनी १९९७मध्ये नेमका हाच मुद्दा उपस्थित केला. लहान वस्तीत अपराधी आणि पीडित बहुधा आप्तच असतात; तेथे परंपरेच्या नावाने पीडितेवर समेटाचे दडपण येऊ शकते. रॉस यांना या धोक्याची जाणीव नाही असे नव्हे. पण त्यांच्या विवेचनाचा ओढा अपराध्याच्या परिवर्तनाकडेच अधिक आहे. हॉलो वॉटरविषयीच्या २००१मधील अभ्यासानुसार सुमारे दहा वर्षांत १०७ अपराध्यांपैकी केवळ दोघांनी पुन्हा अपराध केला. ही आकडेवारी निःसंशय मोलाची आहे. मात्र ती अपराध्यांची आहे. वर्तुळात बसण्यास पीडितेला नकार देता आला काय, याचे उत्तर तीत नाही.

समारोप

म्हणून तुरुंगाकडे परतावे, असा याचा अर्थ नव्हे. शिक्षा ठरविताना आदिवासींच्या विशेष परिस्थितीचा विचार व्हावा, अशी तरतूद कॅनडाच्या कायद्यात १९९६मध्ये आली. १९९९च्या ग्लॅडू निकालाने ती अधोरेखित केली. तरीही लोकसंख्येत सुमारे ५ टक्के असलेल्या आदिवासींचे संघीय तुरुंगांतील प्रमाण २०२३मध्ये जवळजवळ एक तृतीयांश होते. पर्यायाची गरज यातून स्पष्ट होते. परंतु ‘उपचार कोणाचा?’ या प्रश्नाला पीडितेच्या बाजूनेही उत्तर मिळेल, तेव्हाच या पर्यायाला न्याय म्हणता येईल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.